टंगस्टनच्या दोन बॅच, डोस तोच, तरी डिफेक्ट वेगळे: आधी कार्बन तपासा

फ्युजनच्या मटेरियलवर काम करणाऱ्या लॅबमध्ये हा प्रॉब्लेम फिरून फिरून येतो. टंगस्टनचं सॅम्पल आयन बीमखाली ठेवलं (रिॲक्टरमधल्या न्यूट्रॉनच्या माराची नक्कल म्हणून), ठरलेला डोस दिला, टेंपरेचर तेच, मायक्रोस्कोपही तोच, आणि तरी गेल्या बॅचमध्ये बारीक बारीक लूप (जागेवरून उठलेले अणू एकत्र जमून झालेल्या चकत्या) खच्चून भरलेले होते नि या बॅचमध्ये त्याच्या निम्मेही दिसत नाहीत. किंवा ॲनीलिंग केल्यावर, म्हणजे तापवून डिफेक्ट मिटवायला बघितल्यावर, एका सॅम्पलचा हार्डनेस छान उतरतो आणि दुसऱ्याचा जागचा हलत नाही. सिम्युलेशनवाल्यांची तक्रार आणखी वेगळी, त्यांच्या कॉम्प्युटरमधले डिफेक्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत पृष्ठभागावर जाऊन गायब होतात आणि एक्सपेरिमेंटवाले म्हणतात आमच्याकडे तर तासन् तास जागेवर ठाण मांडून बसलेत. मग सगळे डोसच्या गणितामागे लागतात, बीम करंट परत मोजतात, थर्मोकपलवर संशय घेतात. ते सगळं बघायला हरकत नाही, पण माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात तिथून करू नका, सॅम्पलमध्ये आधीपासून कोण कोण बसलंय ते बघा, म्हणजे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, आणि त्यातही पहिल्यांदा कार्बन.

कारण असं की रेडिएशनने तयार होऊन शिल्लक राहिलेले डिफेक्ट आणि मेटलमधले परके अणू, दोघांची संख्या एकाच रेंजमध्ये पडते, बरेचदा परके अणूच जास्त भरतात. "९९.९७ टक्के शुद्ध आहे, बाकीचं सोडा" हे टिग वेल्डिंगच्या इलेक्ट्रोडला चालतं, इथे नाही चालत.

आत काय होतं ते आधी सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जा. ड्युटेरियम-ट्रिटियम फ्युजनमधला न्यूट्रॉन १४.१ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) एनर्जी घेऊन येतो. टंगस्टनचा एक अणू जागेवरून कायमचा उठवायला हिशोबात ९० ईव्ही (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) धरतात, त्यामुळे एका धडकेत अणूंची प्रचंड पळापळ होते, बहुतेक जण परत कुठल्या ना कुठल्या जागेवर बसतात आणि मागे उरतात त्या दोन गोष्टी: रिकाम्या जागा म्हणजे व्हेकन्सी, आणि जागा न मिळालेले जादा अणू म्हणजे इंटरस्टिशियल. टंगस्टनमध्ये हा जादा अणू क्यूबच्या कर्णाच्या दिशेने जाणाऱ्या अणूंच्या ओळीत घुसतो, ती ओळच्या ओळ थोडी थोडी दाबली जाते, त्याला क्राउडियन म्हणतात. तो ओळीवरून इतक्या सहज सरकतो की त्याच्यासमोरचा अडथळा ईव्हीच्या काही शतांश भागाचा असतो, ३० केल्विनच्या खालीसुद्धा तो चालत असतो. असे बरेच जण एकत्र आले की लूप बनतो, आणि छोटे लूपही त्याच एका दिशेत पुढे-मागे सरकत राहतात, दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखे. दोरा स्वच्छ असेल तर मणी टोकापर्यंत जाऊन बाहेर पडतो, मध्ये गाठ असेल तर तिथेच अडतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन म्हणजे त्या गाठी.

व्हेकन्सी त्यामानाने फार सुस्त. तिला सरकायला १.७ ईव्हीच्या आसपास लागतात, त्यामुळे साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत ती फारशी कुठे जात नाही. शेजारी कार्बन येऊन बसला तर दोघांमधलं बंधन दोन ईव्हीच्या घरात असतं, मग ती जोडी सुटायला अजून बरंच वर जावं लागतं. त्यात कार्बनला स्वतःला टंगस्टनमध्ये सरकायला लागणारी एनर्जी व्हेकन्सीच्या आसपासचीच आहे, म्हणजे ॲनीलिंगच्या एकाच पायरीवर दोघं जागे होतात, आणि कोण कोणाला जाऊन चिकटलं हे नुसत्या हार्डनेसच्या आकड्यावरून सांगता येत नाही. तुमचा रिकव्हरीचा कर्व्ह दर बॅचला इकडे-तिकडे सरकतो त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आता हिशोब, कारण तो केल्याशिवाय कुणाला पटत नाही असा अनुभव आहे.

सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, समजा, कार्बन ३० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३० भाग. हे पीपीएम वजनाचे आहेत. टंगस्टनचा अणुभार १८३.८४ आणि कार्बनचा १२, म्हणजे अणूंच्या संख्येत बघायचं असेल तर १५.३ ने गुणायचं. उत्तर येतं ४६० पीपीएम, दर २,२०० अणूंमागे एक कार्बन. ऑक्सिजनला ११.५ ने गुणा, नायट्रोजनला १३.१ ने, आणि हायड्रोजन असेल तर तब्बल १८२ ने. आता डिफेक्टच्या बाजूने बघू. समजा मायक्रोस्कोपमध्ये दर घनमीटरला १०चा २२ वा घात एवढे लूप दिसले, सरासरी व्यास ३ नॅनोमीटर. अशा एका लूपमध्ये जादा अणू भरतात साधारण १२०. टंगस्टनमध्ये घनमीटरला ६.३ गुणिले १०चा २८ वा घात एवढे अणू असतात, त्याने भागलं की लूपमध्ये अडकलेले सगळे इंटरस्टिशियल मिळून होतात जेमतेम २० पीपीएम. वीस! आणि कार्बन ४६०. लूपची नुसती संख्या मोजली तर एका लूपमागे जवळजवळ २,९०० कार्बन अणू येतात. म्हणजे ज्याला आपण "शुद्ध टंगस्टनचं रेडिएशन डॅमेज" म्हणतो तो प्रत्यक्षात कार्बनच्या गर्दीत झालेला डॅमेज असतो.

अजून एक पायरी पुढे जाऊ. हा ३ नॅनोमीटरचा लूप सरकताना त्याच्या कडेलगत अर्ध्या नॅनोमीटरच्या पट्ट्यात जे कार्बन येतील ते त्याला अडवतील असं धरलं, तर ४६० पीपीएमला त्याला दर ७ नॅनोमीटरच्या आसपास एक कार्बन भेटतो. अणूंच्या हिशोबात कार्बन १ पीपीएमवर आणला तर तेच अंतर ३ मायक्रॉनच्या वर जातं. मायक्रोस्कोपमध्ये बघायची फॉइल साधारण १०० नॅनोमीटर जाड असते. पहिल्या केसमध्ये लूप फॉइलमध्येच अडकून दिसत राहणार, दुसऱ्या केसमध्ये काही न भेटता पृष्ठभागापर्यंत पोचून नाहीसा होणार. डोस तोच, टेंपरेचर तेच, बीम तोच, आणि फोटो संपूर्ण वेगळे. दोन बॅचमधल्या फरकाला एवढं एक कारण पुरतं.

मात्र हा ४६० चा आकडा वरची मर्यादा आहे हे लक्षात ठेवा, कारण सर्टिफिकेटवरचा कार्बन आणि जाळीत (क्रिस्टलमधल्या अणूंच्या मांडणीत) प्रत्यक्ष विरघळलेला कार्बन एक नाही. टेंपरेचर उतरलं की टंगस्टनमधली कार्बनची विद्राव्यता झपाट्याने पडते, त्यामुळे सावकाश थंड केलेल्या पट्टीत बराचसा कार्बन ग्रेन बाउंड्रीवर (मेटलमधल्या कणांच्या सीमेवर) किंवा कार्बाइड होऊन बसलेला असतो, आणि तीच पट्टी उच्च टेंपरेचरवरून पटकन थंड केली तर तो जाळीतच कोंडला जातो. म्हणून एकाच कंपनीची, एकाच सर्टिफिकेटची दोन सॅम्पलं सुद्धा वेगळी वागू शकतात, जर एकाचं रीक्रिस्टलायझेशन (तापवून नवे, मोठे ग्रेन वाढवणं) वेगळ्या फर्नेसमध्ये झालेलं असेल तर. सॅम्पलसोबत फक्त "९९.९७ टक्के" लिहून ठेवून उपयोग नाही, ते कशात तापवलं, कितीवर, किती वेळ, आणि थंड कसं केलं हे वहीत असायलाच पाहिजे.

मग करायचं काय.

सगळ्यात आधी एक साधी टेस्ट. दोन्ही बॅचचे तुकडे एकाच होल्डरवर शेजारी शेजारी लावा आणि एकाच रनमध्ये इरॅडिएट करा. बीमटाईम आपल्याकडे सहज मिळत नाही, दिल्लीच्या आययूएसी ॲक्सिलरेटर सेंटरला काय किंवा कुलाब्यात टीआयएफआरच्या आवारातल्या पेलेट्रॉन ॲक्सिलरेटरला काय, प्रपोजल लिहून थांबावं लागतं, त्यामुळे प्रत्येक जण होल्डरवर फक्त नवी सॅम्पलं भरायला बघतो आणि जुन्या बॅचचा तुकडा लावायला जागा वाया गेली असं वाटतं. वाया जात नाही. फरक शेजारी लावूनही राहिला तर दोष सॅम्पलमध्ये, फरक नाहीसा झाला तर दोष बीमलाईनमध्ये किंवा हीटिंगमध्ये. ही एक टेस्ट न करता पुढे सहा महिने डोसच्या गणितावर वाद घालणारी माणसं बघितली की जीव तुटतो, विशेषतः त्यात एखाद्या विद्यार्थ्याच्या पीएचडीची वर्षं जात असतात.

दोष सॅम्पलमध्ये निघाला तर सर्टिफिकेट परत वाचा, यावेळी खालची बारीक अक्षरं. "फाइव्ह नाइन" किंवा "सिक्स नाइन" शुद्धता बरेचदा फक्त मेटॅलिक इम्प्युरिटीवर मोजलेली असते, कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन त्यात धरलेलेच नसतात, कधी कधी मॉलिब्डेनमही बाजूला ठेवलेलं असतं. आणि जिथे कार्बन लिहिलेला असतो तिथे तो "जास्तीत जास्त" म्हणून असतो, तुमच्या पट्टीत मोजलेला नसतो. तेव्हा स्वतः मोजून घ्या. कार्बनला कम्बशन करून इन्फ्रारेडवर मोजायची पद्धत, ऑक्सिजन-नायट्रोजन-हायड्रोजनला इनर्ट गॅस फ्युजन, या दोन्ही टेस्ट स्टीलवाल्या लॅबमध्ये रोज चालतात, फक्त त्यांना सांगावं लागतं की सॅम्पल टंगस्टनचं आहे आणि आकडा दहा-वीस पीपीएममध्ये अपेक्षित आहे, त्याप्रमाणे ब्लँक आणि स्टँडर्ड लावा. सॅम्पलचा पृष्ठभाग आधी एच करून घ्या, म्हणजे रसायनाने वरचा थर काढून टाका, नाहीतर बोटांचं तेल आणि कटिंगचं कूलंट मोजून याल.

फर्नेस हा मोठा चोर आहे. ग्राफाइट हीटर असलेल्या व्हॅक्यूम फर्नेसमध्ये टंगस्टन तापवलं की ते कार्बन ओढून घेतं, आणि स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंगने (पावडर दाबून, करंटने तापवून घट्ट करण्याच्या पद्धतीने) बनवलेलं सॅम्पल असेल तर त्याची डायच ग्राफाइटची असते. तुम्ही रीक्रिस्टलाइज करून ग्रेन मोठे केले, डिस्लोकेशन (क्रिस्टलमधले रेषेसारखे डिफेक्ट) कमी केल्या, आणि त्याच वेळी कार्बन भरून ठेवला, मग "क्लीन" सॅम्पलमध्ये लूप जास्त का अडकले म्हणून डोकं धरून बसायचं. टंगस्टन किंवा मॉलिब्डेनमच्या जाळीचा हीटर असलेली फर्नेस शोधा. ती नसेल तर निदान टँटलमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, टँटलम स्वतः कार्बन-ऑक्सिजन खातं. आणि सॅम्पलमधला कार्बन खरोखर काढायचा असेल तर अगदी कमी दाबाच्या ऑक्सिजनमध्ये खूप वर तापवून, कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात बाहेर घालवून, शेवटी व्हॅक्यूममध्ये त्याहून वर फ्लॅश करून ऑक्साइड उडवतात, सरफेस सायन्सवाले टंगस्टनचे सिंगल क्रिस्टल असेच साफ करतात. वेळखाऊ आहे, पण तुम्हाला "कार्बन नसलेला" एक रेफरन्स पाहिजे असेल तर दुसरा सोपा रस्ता नाही.

दोष बीमकडे निघाला तर. इथे पुन्हा कार्बनच भेटतो. बीमलाईनच्या व्हॅक्यूममध्ये उरलेली हायड्रोकार्बन बीमच्या वाटेवर सॅम्पलपर्यंत येतात आणि इरॅडिएशन चालू असताना आत ढकलली जातात. २०१७ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटी आणि टेक्सास ए अँड एम या दोन्हीकडच्या लोकांनी यावर व्यवस्थित काम छापलं, लोखंड आणि स्टीलमध्ये असा कार्बन शिरला की व्हॉइड स्वेलिंगचा (आत पोकळ्या होऊन मेटल फुगण्याचा) रिझल्टच बदलतो आणि तो न्यूट्रॉनच्या डॅमेजसारखा राहत नाही, हे त्यांनी दाखवलं. उपाय फार महागडे नाहीत: टार्गेट चेंबरमध्ये सॅम्पलभोवती लिक्विड नायट्रोजनचा कोल्ड ट्रॅप, सॅम्पलच्या आधी बीम मॅग्नेटने वळवणं म्हणजे बाकीचं सरळ निघून जातं, चेंबरचं प्लाझ्मा क्लीनिंग, आणि ऑइल पंप असेल तर तो बदलून ड्राय पंप. तुमच्याकडे हे झालंय का ते ओळखायचं तर आधी साध्या डोळ्यांनी बघा, बीम पडलेल्या जागी तपकिरी-काळपट डाग दिसत असेल तर तोच पुरावा. डाग नसला तरी एक तुकडा सिम्सला (आयनने थर खरवडत अणू मोजणाऱ्या यंत्राला) पाठवून कार्बनचा डेप्थ प्रोफाइल काढा, इरॅडिएटेड आणि शेजारचा झाकलेला भाग, दोन्हीचा. २० एमईव्हीचे टंगस्टन आयन वापरत असाल तर डॅमेज दोन मायक्रॉनच्या थोडं पुढेपर्यंत जातो, २ एमईव्हीला तो काही शे नॅनोमीटरमध्येच संपतो, म्हणून कमी एनर्जीच्या रनमध्ये पृष्ठभागावरून आलेल्या कार्बनचा त्रास जास्त.

फॉइल बनवण्याबद्दल थोडक्यात: फोकस्ड आयन बीमने कापलेल्या फॉइलमध्ये त्या बीममधल्या गॅलियमने केलेले काळे ठिपके रेडिएशनच्या ठिपक्यांसारखेच दिसतात. शेवटी पातळ कॉस्टिक सोड्यात क्षणभर फ्लॅश पॉलिश करून तो थर काढा, आणि इरॅडिएट न केलेल्या सॅम्पलची फॉइल त्याच पद्धतीने बनवून तुलनेला ठेवा. ती नसेल तर ठिपके मोजायला बसूच नका.

हे सगळं झाल्यावर खात्री करून घ्यायची असेल तर मुद्दाम कार्बन घाला. साफ केलेल्या सॅम्पलमध्ये कार्बनचं इम्प्लांटेशन करा, पहिल्या ५०० नॅनोमीटरमध्ये १०० पीपीएम पाहिजे असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ३ गुणिले १०चा १४ वा घात एवढे आयन पुरतात, म्हणजे फार छोटा रन. मात्र इम्प्लांटेशनने स्वतःचा डॅमेज होतो, म्हणून शेजारी एक कंट्रोल ठेवा ज्याला तेवढाच डॅमेज टंगस्टन आयनने दिलाय, कार्बन न घालता, आणि दोन्ही सारखंच ॲनील करून मग मुख्य इरॅडिएशन करा. यातून फरक दिसला तर तुमच्या जुन्या दोन बॅचचं भांडण मिटलं.

सिम्युलेशनवाल्या मंडळींसाठी. शुद्ध टंगस्टनच्या बॉक्समध्ये लूप पळून जातात यात तुमच्या पोटेन्शियलचा (अणूंमधल्या ओढाताणीच्या सूत्राचा) दोष नसतो, शुद्ध टंगस्टनमध्ये ते पळायलाच पाहिजेत. ऑब्जेक्ट कायनेटिक मोंटे कार्लोमध्ये (डिफेक्टच्या उड्या एकेक करून चालवणाऱ्या सिम्युलेशनमध्ये) ट्रॅप, म्हणजे डिफेक्ट अडवणाऱ्या जागा, घालाव्याच लागतात, लोखंडासाठी कार्बन-व्हेकन्सीच्या जोड्या ट्रॅप म्हणून घातल्यावरच लूपची संख्या एक्सपेरिमेंटच्या जवळ येते हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय. पण ट्रॅपची संख्या आणि ट्रॅपची एनर्जी दोन्ही एकाच डेटावर फिट करू नका, दोन नॉब हातात असले की काहीही जुळवता येतं. संख्या मोजलेल्या कार्बनवरून घ्या, एनर्जी डीएफटीवरून (क्वांटम मेकॅनिक्सच्या गणितावरून) घ्या, आणि मग जुळतं का बघा. आणि वजनाचे पीपीएम अणूंचे पीपीएम समजून इनपुट फाइलमध्ये टाकू नका, टंगस्टनमध्ये कार्बनसाठी तिथेच पंधरापट फरक पडतो, आणि तो आउटपुटमध्ये कुठेही ओरडून सांगत नाही.

टेंपरेचर खूप खाली असेल, म्हणजे क्रायोजेनिक रन, तर आणखी एक गोष्ट. ट्रॅपमधून सुटायचा रेट सगळे नेहमीच्या आर्हेनियसच्या सूत्राने काढतात, ज्यात फक्त उष्णतेच्या धक्क्याने अडथळा ओलांडला जातो असं धरलेलं असतं. २०२० मध्ये जपानच्या शिमाने युनिव्हर्सिटीतले काझुतो अराकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनमध्ये इम्प्युरिटीला घट्ट अडकलेले इंटरस्टिशियलचे समूह मायक्रोस्कोपमध्ये थेट सुटताना बघितले, हाय एनर्जी इलेक्ट्रॉनने धक्का देऊन, आणि दाखवलं की डिबाय टेंपरेचरच्या (अणूंच्या कंपनांवरून ठरणाऱ्या, प्रत्येक मेटलच्या स्वतःच्या टेंपरेचरच्या) साधारण एक तृतीयांशाखाली ही सुटका क्वांटम पद्धतीने होते, रेट क्लासिकल अंदाजापेक्षा कितीतरी पटींनी जास्त. टंगस्टनसारख्या जड मेटलमध्ये, एकेका अणूचं वजन १८४ असताना, क्वांटम परिणाम दिसावा हे मला आजही थक्क करणारं वाटतं. व्यवहारात अर्थ एवढाच की त्या रेंजमध्ये साधं सूत्र वापरून "लूप इथे अडकून राहतील" असं सांगू नका.

लोखंड आणि फ्युजनचं स्टील यांची गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून वेगळी सांगतो. युरोपचं युरोफर-९७, जपानचं एफ८२एच, आपलं गांधीनगरच्या आयपीआर, कल्पक्कमच्या आयजीकार आणि हैदराबादच्या मिधानीने मिळून केलेलं इन-राफम, या सगळ्यांत साधारण ९ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम (एफ८२एचमध्ये ८) आणि ०.१ टक्का कार्बन मुद्दाम घातलेला असतो, पण त्यातला बहुतेक कार्बाइडमध्ये बांधलेला, त्यामुळे एकूण कार्बनचा आकडा इथे काही सांगत नाही, मॅट्रिक्समध्ये मोकळा किती उरला तो महत्त्वाचा. मॉडेल म्हणून शुद्ध लोखंड वापरत असाल तर खबरदारी अशी की लोखंडात एकटी व्हेकन्सी २२० केल्विनच्या आसपासच चालायला लागते, आणि रूम टेंपरेचरला कार्बन साधारण सेकंदाला एक उडी मारतो. सॅम्पल इरॅडिएट करून कपाटात ठेवलं आणि महिन्याभराने पॉझिट्रॉनच्या टेस्टला (रिकाम्या जागा मोजणाऱ्या) नेलं तर मधल्या काळात कार्बन व्हेकन्सीपर्यंत पोचून बसलेला असतो, आणि तुम्ही मोजता ती व्हेकन्सी राहिलेलीच नसते, कार्बन-व्हेकन्सी असते. शक्य असेल तर थंड ठेवा, नाहीतर मोजायची तारीख सगळ्या सॅम्पलना सारखी ठेवा. वजनाच्या पीपीएमला इथे ४.६५ ने गुणायचं.

हेलियम आणि हायड्रोजन हेही परके अणूच, फक्त ते इरॅडिएशन चालू असताना येत राहतात. टंगस्टनमध्ये हेलियमचा एकटा अणू ०.१ ईव्हीपेक्षाही कमी अडथळ्यावर पळतो, आणि व्हेकन्सीत शिरला की बंधन ४ ईव्हीच्या वर, म्हणजे मग निघायचं नाव नाही. ड्युटेरियमचं बंधन १ ईव्हीच्या थोडं वर, एका व्हेकन्सीत पाच-सहा अणूसुद्धा मावतात. तुमचा रिटेन्शनचा (किती ड्युटेरियम आत अडकून राहिलं त्याचा) डेटा दुसऱ्या कुणाशी जुळत नसेल तर विचारा की त्यांनी डॅमेज आधी करून ड्युटेरियम नंतर घातलं की दोन्ही एकाच वेळी. गार्शिंग आणि ल्युब्लियानाच्या प्रयोगांत एकाच वेळी केल्यावर ड्युटेरियम बरंच जास्त अडकलेलं दिसलं, कारण व्हेकन्सीत आधीच ड्युटेरियम असलं की ती इंटरस्टिशियलशी भेटून सहज मिटत नाही. हा फरक सॅम्पलचा नाही, प्रयोगाच्या क्रमाचा आहे, त्यासाठी बॅच बदलत बसू नका.

शेवटची केस, आणि फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या इटर या फ्युजन रिॲक्टरने प्लाझ्मासमोरच्या पहिल्या भिंतीसाठीही बेरिलियम सोडून टंगस्टन घ्यायचं ठरवल्यापासून ती जास्तच महत्त्वाची झालीय: न्यूट्रॉनमध्ये ठेवलेलं टंगस्टन. इथे तुम्ही कितीही शुद्ध सॅम्पल द्या, न्यूट्रॉन स्वतःच इम्प्युरिटी तयार करतात. टंगस्टन-१८६ न्यूट्रॉन गिळून टंगस्टन-१८७ होतं, ते एक दिवसाच्या अर्धायुष्याने रेनियम-१८७ होतं, आणि रेनियम पुढे ऑस्मियमकडे जातं. इंग्लंडमधल्या कल्हॅमच्या फ्युजन सेंटरचे मार्क गिल्बर्ट आणि सुब्ले यांनी २०११ मध्ये केलेल्या हिशोबात डेमोच्या (इटरनंतरच्या नियोजित रिॲक्टरच्या) पहिल्या भिंतीत पाच वर्षांनंतर सुमारे ३.८ टक्के रेनियम आणि १.४ टक्के ऑस्मियम येतं. साध्या फेज डायग्रामप्रमाणे रेनियम टंगस्टनमध्ये २५ टक्क्यांच्या वरही विरघळून राहतं, म्हणजे एवढ्याने काही व्हायला नको. पण नेदरलँड्समधल्या पेटनच्या रिॲक्टरमध्ये ९०० अंशांवर १.६ डीपीएच्या (म्हणजे सरासरी प्रत्येक अणू १.६ वेळा जागेवरून उठवला जाईल एवढ्या) आसपास डोस दिलेल्या टंगस्टनमध्ये रेनियम जेमतेम १.४ टक्का आणि ऑस्मियम ०.१ टक्का असताना व्हॉइडभोवती दोघांचे थर नि गोळे दिसले. कारण पुन्हा डिफेक्टशी असलेली दोस्ती: क्राउडियन रेनियमच्या अणूपाशी आला की दोघांचा जोड बनतो, बंधन ०.८ ईव्हीच्या आसपास, त्याची दिशा बदलते, आणि जो आधी एकाच ओळीत धावत होता तो आता तिन्ही दिशांना रेनियमला सोबत घेऊन फिरायला लागतो. अशी वाहतूक झाली की रेनियम विरघळायची मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी एका जागी साठतं.

तुमचा न्यूट्रॉनचा डेटा आयन बीमच्या डेटाशी जुळत नसेल, तर कार्बनच्या आधी इथे हे तपासायचं. फिशन रिॲक्टरमध्ये मंद न्यूट्रॉन भरपूर असतात आणि रेनियम तेच जास्त बनवतात, त्यामुळे त्याच डीपीएला फ्युजनपेक्षा कितीतरी जास्त रेनियम येऊ शकतं. कॅप्सूलभोवती कॅडमियम किंवा गॅडोलिनियमचं कवच होतं का ते विचारा, सॅम्पल रिॲक्टरमध्ये नेमकं कुठे होतं आणि तिथला न्यूट्रॉन स्पेक्ट्रम काय होता ते घ्या, आणि त्यावरून फिस्पॅक्टसारख्या, न्यूट्रॉनने बनणाऱ्या मूलद्रव्यांचा हिशोब करणाऱ्या कोडने रेनियम-ऑस्मियम किती आलं ते काढा, जमलं तर ॲटम प्रोबवर (एकेक अणू ओळखणाऱ्या यंत्रावर) प्रत्यक्ष मोजा. तो आकडा हातात आल्यावर आयन बीमसाठी शुद्ध टंगस्टन घेऊ नका, तेवढंच रेनियम असलेला अलॉय घ्या, आणि ऑस्मियमही असेल तर तेही घाला, कारण ऑस्मियम सोबत असलं की रेनियमचे क्लस्टर कमी होतात आणि नुसत्या टंगस्टन-रेनियमवरून काढलेला निष्कर्ष तिथे लागू पडत नाही. अलॉय मागवताना कार्बन-ऑक्सिजनचे मोजलेले आकडे ऑर्डरमध्येच लिहून मागा, नंतर विचारून ते मिळत नाहीत.